सोलोच्या नोंदी: उजवी सीट रिकामी झाल्यावर

पहिल्या सोलोबद्दल, म्हणजे शिकाऊ पायलटच्या पहिल्या एकट्याच्या उड्डाणाबद्दल, सगळेच भरभरून लिहितात: डोक्यावर ओतलेलं पाणी, पेढे, फोटो. त्यानंतरच्या सोलोंबद्दल मात्र कोणी फार बोलत नाही. धीर येतो तो त्यातूनच, म्हणून या नोंदी.

शिकवणारे सर उजव्या सीटवरून उतरले की विमानाचा स्वभाव बदलतो. आमची सेसना 152. तिचं कमाल वजन जेमतेम 757 किलो, त्यात आमचे सर तब्येतीने भरदार. ते नसले की ती लवकर सुटते आणि भराभर चढते. सोनेगावची (नागपूर विमानतळाची) धावपट्टी समुद्रसपाटीपासून 1033 फुटांवर आहे, त्यामुळे सर्किटची, म्हणजे पट्टीभोवतीच्या चौकोनी फेरीची, हजार फुटांची उंची समुद्रसपाटीपासून मोजणाऱ्या आल्टिमीटरवर साधारण 2000 दिसते. सोलोत ती इतक्या लवकर येते की क्रॉसविंडचं (उड्डाणानंतरचं पहिलं) वळण पुरं व्हायच्या आतच नाक खाली घ्यायची तयारी ठेवावी लागते. उतरतानाही तेच. फायनलला, म्हणजे पट्टीकडे येणाऱ्या शेवटच्या सरळ टप्प्यात, स्पीड 60 नॉटच्या वर राहिला तर हलकं विमान तरंगतच राहतं, टेकायचं नावच घेत नाही.

दुसरी गोष्ट धावपट्टीची. 3200 मीटर लांब आणि 45 मीटर रुंद म्हणजे आमच्यासाठी मैदानच. रुंदीमुळे डोळा फसतो आणि आपण आहोत त्यापेक्षा खाली आहोत असं वाटून फ्लेअर (टेकण्याआधी नाक उचलणं) उंचावरच सुरू होतो. यावर माझा उपाय एकच: नजर पट्टीच्या पार टोकाला, कडांकडे पाहायचं नाही.

उन्हाळ्याबद्दल विदर्भाबाहेरच्यांसाठी थोडं. पारा 40 ला टेकला की इथल्या हवेची घनता चार हजार फुटांवर असते तेवढीच उरते. 110 हॉर्सपॉवरच्या इंजिनाला ते लगेच जाणवतं. त्यात दहानंतर तापलेल्या जमिनीवरून हवेचे गोळे उठू लागतात आणि फायनलवर विमान खालीवर होतं. म्हणून सकाळची पहिली सॉर्टी (उड्डाण) मिळावी म्हणून आमच्यात भांडणं होतात. 32 वरून (पट्टीवरून वायव्येकडे) उडाल्यावर उजव्या हाताला अंबाझरी तलावाचं पाणी दिसतं. सकाळी ते आरशासारखं असलं की समजायचं, आज हवा शहाणी आहे.

घरी आईचा प्रश्न ठरलेला: "पण वर कोणाले विचारशील रे?" प्रश्न बरोबर आहे. डबल सॉर्टीत (सर सोबत असताना) आपण नकळत उजवीकडे बघतच असतो.

त्याचं उत्तर मला गेल्या आठवड्यात मिळालं. डाउनविंडवर, म्हणजे पट्टीला समांतर उलट्या दिशेच्या टप्प्यावर, होतो, पट्टी डाव्या खिडकीत. टॉवरने विचारलं, शॉर्ट अ‍ॅप्रोच (लवकर वळून उतरणं) जमेल का? मागून जेट येत होतं. उंची पूर्ण होती, फ्लॅप्स (उतरताना पंखांमागे खाली सोडायच्या झडपा) अजून वर. बटण दाबलं आणि म्हणालो, "अनेबल," म्हणजे जमणार नाही. दोन सेकंद शांतता. मग टॉवर म्हणाला, उजवीकडे ऑर्बिट (पूर्ण गोल फेरी) करा, जेट दिसलं की कळवा. झालं, एवढंच! कोणी रागावलं नाही.

उजवीकडे वळलो तर रिकाम्या सीटवरून थेट हिंगणा दिसत होतं. एरवी मध्ये सरांचा खांदा असतो. डाव्या सीटवरून उजव्या वळणात नाक वेगळ्याच जागी दिसतं, त्यामुळे आल्टिमीटरवर लक्ष ठेवून 2000 सांभाळावे लागले. जेट उतरल्यावरही घाई केली नाही. त्याच्या मागच्या भोवऱ्यांसाठी आमच्यासारख्या हलक्या विमानाला 3 मिनिटांचं अंतर लागतं. शिवाय ते जिथे टेकलं त्याच्या पुढे टेकायचं, आणि इथे पट्टी कमी पडायचा प्रश्नच नाही.

सोनेगावला गर्दी काही नवी नाही म्हणा. 1949 मध्ये दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रासची टपाल विमानं मध्यरात्री इथेच जमायची आणि पोती अदलाबदल करून परत जायची. आम्ही तर दिवसाउजेडी उडतो.

सरांनी लॉगबुकवर सही केली आणि फक्त "ऑर्बिटला उंची किती गेली?" एवढंच विचारलं. चाळीस फूट. "चालते."

पीपीएलसाठी (खासगी पायलट परवान्यासाठी) एकूण 40 तास लागतात, त्यात 20 सोलो, आणि सोलोतले 5 क्रॉस-कंट्रीचे (दुसऱ्या ठिकाणापर्यंतच्या लांब उड्डाणाचे). क्रॉस-कंट्री अजून लांब आहे. आधी हलक्या क्रॉसविंडमध्ये (आडव्या वाऱ्यात) सर्किट्स करायची आहेत. सरांची अट अशी की विंडसॉक (वारा दाखवणारी कापडी नळी) बघून जायचं की नाही ते मी आधी सांगायचं, मग ते बोलतील.