लेह ते खारदुंग ला: विरळ हवेत श्वासाचे गणित

लेहला विमानाने जाणाऱ्या प्रवाशाला हवेच्या दाबाची पहिली ओळख विमानतळावर पाय ठेवण्यापूर्वीच होते. एरवी विमान खाली येऊ लागले की केबिनमधील दाब वाढत जातो. लेहला उतरताना मात्र तो कमी होतो, कारण उड्डाणात केबिनमधील दाब साधारणपणे २,४०० मीटर उंचीवरील दाबाच्या खाली जाऊ दिला जात नाही आणि लेहचा विमानतळ ३,२५६ मीटरांवर आहे. सामानातील झाकण घट्ट लावलेली बाटली विमान उतरत असताना फुगून टणक झालेली दिसते, ती यामुळेच. दाब कमी होताना कानातील हवा सहज बाहेर पडते, म्हणून जाताना कान फारसे दुखत नाहीत. ज्यांना सर्दी आहे त्यांनी खरी काळजी परतीच्या प्रवासात, दिल्लीला उतरताना घ्यावी.

लेह शहर सुमारे ३,५०० मीटरांवर आहे. पहिल्या दिवशी निवासाचा एक जिना चढूनही धाप लागली, आणि आमच्यातील बहुतेकांनी त्याचे वर्णन ‘हवा ओढताच येत नाही’ असे केले. हे वर्णन स्वाभाविक असले तरी बरोबर नाही. शांत श्वास घेताना छाती फुगते, फुप्फुसातील दाब बाहेरच्यापेक्षा जेमतेम एक सेंटिमीटर पाण्याच्या स्तंभाइतका कमी होतो आणि तेवढ्या फरकावर हवा आत शिरते. बाहेरचा दाब उतरला की आतला दाबही त्याच्याबरोबर उतरतो. त्यामुळे हा फरक निर्माण करायला लेहमध्येही जास्त जोर लागत नाही. कमी पडतो तो ऑक्सिजनचा दाब. हवेतील त्याचे प्रमाण समुद्रकिनारी असो वा खिंडीत, सुमारे २१ टक्केच असते. पण समुद्रसपाटीवर हवेचा एकूण दाब पाऱ्याचे ७६० मिलिमीटर असतो, तो लेहमध्ये ५०० च्या आणि खारदुंग ला या उंच खिंडीत ४०० च्या आसपास येतो. त्यातून पाण्याच्या वाफेचे ४७ मिलिमीटर वजा करावे लागतात, कारण श्वासमार्गात हवा शरीराच्या तापमानाला येऊन ओलसर होते आणि ही वजाबाकी उंची बघून सवलत देत नाही. उरलेल्या दाबाचा २१ टक्के हिस्सा काढला, तर आत जाणाऱ्या हवेतील ऑक्सिजनचा दाब समुद्रसपाटीवर सुमारे १५०, लेहमध्ये ९५ आणि खारदुंग लावर ७४ मिलिमीटर येतो. एकूण दाबापेक्षा ऑक्सिजनचा हा हिस्साच निर्णायक असतो, हे पॉल बेर या फ्रेंच शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १८७८ पर्यंत प्रयोगांनी दाखवून दिले होते.

श्वासमार्गाचा अवरोध ही याहून वेगळी बाब आहे, आणि लडाखमध्ये या दोन्हींची सरमिसळ करून लोक चुकीचे उपाय करतात, असे माझे मत झाले आहे. विरळ हवा नळीतून खरे तर अधिक सहज वाहते. जोरात श्वास घेताना प्रवाहात जे भोवरे उठतात त्यांचा अडथळा हवेच्या घनतेनुसार कमी होतो. परंतु नळीच अरुंद झाली तर हा फायदा कुठच्या कुठे जातो, कारण संथ प्रवाहात त्रिज्या निम्मी झाली की अवरोध सोळापट होतो. नाकाने श्वास घेताना एकूण अवरोधापैकी जवळजवळ निम्मा एकट्या नाकात असतो, आणि लडाखची थंड, कोरडी, धुळीची हवा नेमकी त्यावरच घाला घालते: नाक चोंदते, खपल्या धरतात, माणूस तोंडाने श्वास घेऊ लागतो आणि घसा कोरडा पडून खोकला सुरू होतो. यासाठी सलाइनचे थेंब, रात्री नाकपुडीत किंचित पेट्रोलियम जेली आणि गाडीत नाकातोंडावर पातळ सुती रुमाल एवढे पुरते. कापराच्या वड्या हुंगत राहण्याची पद्धत आमच्याही गाडीत होती. कापराने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, पण मोजून पाहिले तर नाकातील अवरोध बदललेला नसतो. ऑक्सिजन वाढण्याचा तर प्रश्नच नाही.

आमच्यातील एका सहप्रवाशाला दमा आहे. दमा चाळवणारे धुळीतील सूक्ष्म किडे कोरड्या उंच प्रदेशात कमी असल्याने काही दमेकऱ्यांना तिथे बरेच वाटते. थंड हवेत केलेले श्रम मात्र श्वासनलिका आकुंचित करू शकतात. त्याने इन्हेलर पाठपिशवीत न ठेवता आतल्या खिशात, शरीराच्या उबेत ठेवला, हे अनुकरण करण्याजोगे आहे. पीक फ्लो मीटर (जोरात सोडलेल्या श्वासाचा वेग मोजणारे साधन) नेणाऱ्यांनी एक गोष्ट जाणून असावे: सरकत्या काट्याचे साधे मीटर विरळ हवेत प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवते, म्हणून लेहमध्ये विश्रांतीनंतर घेतलेली नोंद हीच तुलनेसाठी आधार मानावी. श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येत असेल आणि इन्हेलरने उतार पडत असेल, तर दोष बहुधा नळीत आहे. आवाज नाही, पण चार पावलांत दम लागतो आणि थांबल्यावर ओसरतो, हा दाबाचा परिणाम आहे.

रात्रीचा अनुभव नवख्याला घाबरवणारा असतो. झोपेत श्वास हळूहळू खोल होत जातो, मग काही सेकंद थांबतो आणि माणूस दचकून जागा होतो. ऑक्सिजन कमी पडल्यामुळे श्वास वाढतो, त्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड घटतो, आणि तो घटला की मेंदू श्वासाला लगाम घालतो. कार्बन डायऑक्साइड घटल्याने कमी झालेली रक्ताची आम्लता मूत्रपिंडे काही दिवसांत पूर्ववत करू लागतात आणि झोप सुधारते. अॅसिटाझोलामाइड हे औषध तेच काम लवकर घडवते. ते निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारून घ्यावे, आणि सल्फा औषधांची अॅलर्जी असल्यास तसे आवर्जून सांगावे. झोपेच्या गोळ्या आणि मद्य श्वास मंदावतात, त्यामुळे सुरुवातीच्या रात्री ते वर्ज्यच समजावे.

खारदुंग लावरील फलकाने अनेक वर्षे १८,३८० फूट उंची मिरवली. प्रत्यक्षात ती १७,५८२ फूट, म्हणजे ५,३५९ मीटर आहे. फुप्फुसांना तेवढ्यानेही पुरे होते. तिथे छायाचित्रापुरते थांबून लगेच पलीकडच्या नुब्रा खोऱ्याकडे उतरावे. तिथले हुंदर गाव ३,१०० मीटरांच्या आसपास, लेहपेक्षाही खाली असल्याने तिथली झोप चांगली लागते. ३,००० मीटरांच्या वर गेल्यावर रोजच्या मुक्कामाची उंची ५०० मीटरांहून अधिक वाढवू नये, असा सर्वमान्य दंडक आहे. दिवसा अधिक उंचीवर जाऊन रात्री खाली यायला हरकत नसते. ऑक्सिजनच्या हातात मावणाऱ्या डब्यावर फार विसंबू नये: निवांत बसलेला माणूसदेखील मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा घेतो, तेव्हा दहा लिटरचा डबा किती पुरेल, हा हिशेब सोपा आहे. गाडीत रेग्युलेटर आणि मास्कसह खरा सिलिंडर असावा, आणि तो भरलेला आहे हे निघण्यापूर्वी स्वतः पाहावे.

बसल्या जागी धाप लागणे, आडवे झाल्यावर ती वाढणे, छातीत घरघर किंवा गुलाबीसर फेस येणारा खोकला ही फुप्फुसात पाणी झाल्याची लक्षणे आहेत. सरळ रेषेत पाऊलापुढे पाऊल टाकता न येणे हे मेंदूला सूज आल्याचे लक्षण आहे. दोन्हींत ऑक्सिजन सुरू करून तत्काळ खाली उतरवणे हाच उपाय आहे. येथे लडाखच्या भूगोलाची एक अडचण आहे: पँगाँग सरोवराकाठचा मुक्काम ४,२०० मीटरांहून वर असतो आणि तेथून लेहला येणारा नेहमीचा रस्ता ५,३०० मीटरांहून उंच चांग ला या खिंडीतून जातो, म्हणजे रुग्णाला खाली आणण्यासाठी आधी आणखी वर न्यावे लागते. म्हणून आम्ही नुब्रा आधी आणि पँगाँग शेवटी ठेवले. ज्याला आदल्या रात्री विश्रांतीतही धाप लागली असेल, त्याने पँगाँगच्या गाडीत न बसता लेहमध्येच राहून डॉक्टरांना दाखवावे.