वितीने मोजलेली बाग

घरापासून चालत बारा मिनिटांवरच्या बागेत जायचं, याला प्रवास म्हणायचं का, असं आईने दारातच विचारलं. मग मी बाहेर काढलेलं सामान बघून तिनेच प्रश्न मागे घेतला. सात वर्षांचा भाचा, दोन वर्षांची भाची, मी, आई आणि तिचे दोन गुडघे. गुडघे धरले तर आम्ही सहा जण. गुडघे धरावेच लागतात, कारण कुठे थांबायचं आणि किती वेळ, हे तेच ठरवतात.

कुंपणाबाहेरून मी रोज जाते, पण आत कधी गेले नव्हते. जवळच्या गोष्टीची तयारी काय करायची, या समजुतीने पहिली फेरी फसली. सुट्टीचा दिवस, सगळ्यांचं आवरून निघेपर्यंत साडेअकरा. लोखंडी घसरगुंडी उन्हात तापते हे लहानपणापासून माहीत होतं. ही हिरव्या प्लॅस्टिकची होती, म्हणून मी निर्धास्त. धाकटीला वर बसवलं आणि ती किंचाळली. प्लॅस्टिकही भाजण्याइतकं तापतं, आणि खेळण्यांखाली अंथरलेला काळा रबरही. लहान मुलांची कातडी पातळ असते, शिवाय बसलेल्या जागेवरून झटकन उठणं त्यांना सुचत नाही. थोडक्यात निभावलं, नुसती लाली आली. पण त्या दिवसापासून माझा नियम ठरला: बसवण्याआधी पालथा हात घसरगुंडीवर ठेवून पाच आकडे मोजायचे. मधेच हात उचलावासा वाटला तर घसरगुंडी बंद. आणि रबरावर अनवाणी कुणी नाही.

वीस मिनिटांत आम्ही घरी परतलो. थोरला रस्ताभर बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी एकटीच गेले. या लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या. मुलांना नेण्याआधी एकदा रिकाम्या हातांनी बाग बघून या. मुलं बरोबर असली की आपण मुलांकडे बघतो, बागेकडे नाही. त्या अर्ध्या तासात मला कळलं की मोठ्या दारात वाहनं शिरू नयेत म्हणून लोखंडी आडकाठी आहे आणि तिच्यातून बाबागाडी जात नाही. मागच्या दाराला मात्र उतरण आहे. पिण्याच्या पाण्याचे नळ तीन, पैकी एकालाच पाणी. स्वच्छतागृहाला कुलूप आणि किल्ली माळीबुवांकडे. ते रोपांमध्ये वाकलेले असतात, शोधावे लागतात. फलकावरची वेळ वाचली. दुपारी दार बंद असतं हे तिथेच लिहिलेलं होतं. आदल्या दिवशी अर्धा तास जास्त थांबलो असतो तर शिट्टी वाजवून बाहेर काढलं असतं.

सावलीही बघून घ्या. सकाळी झोपाळ्यांवर झाडाची सावली होती, घसरगुंडीवर नव्हती. संध्याकाळी बरोबर उलट. म्हणजे कोणत्या वेळी आधी कुठे जायचं ते झाड सांगतं.

आता वितीबद्दल. खेळण्यांच्या मैदानात सगळ्यात जास्त दुखापती पडण्याने होतात, आणि किती लागणार हे बरंचसं खाली काय आहे त्यावर ठरतं. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने सार्वजनिक खेळमैदानांसाठी पुस्तिका काढली आहे. तिच्यातलं एक माप माझ्या लक्षात राहिलं, ते म्हणजे 9 इंच. लाकडाच्या तुकड्यांचा 9 इंचांचा थर 10 फुटांपर्यंतच्या उंचीवरून पडण्याला पुरतो. तितकीच वाळू मात्र 4 फुटांपर्यंतच. हिरवळ आणि माती तर या हिशेबात धरतच नाहीत, कारण पायांनी तुडवून ती दगडासारखी होते. आणि 9 इंच म्हणजे आपली वीत. पट्टी न्यायची गरज नाही, हात आहेच.

मी झोपाळ्याखाली वाळू उकरली. चार बोटांवर कडक जमीन लागली. बाकी सगळीकडे वाळू भरपूर, फक्त मुलांचे पाय जिथे घासतात, म्हणजे नेमकी जिथे पडणार तिथे, खड्डा. हे सगळ्याच बागांत होतं. त्यात कुणाचा दोष असा नाही, वाळू सरकतेच. मी चपलेनेच कडेची वाळू आत लोटायला लागले, तेव्हा माळीबुवा कुठूनसे आले, थोडा वेळ बघत राहिले आणि न बोलता फावडं देऊन गेले. ते फावडं झोपाळ्याच्या खांबामागेच ठेवलेलं असतं. आता तुम्हालाही माहीत झालं.

त्याच वितीने कठड्यांच्या फटी मोजा. त्या पुस्तिकेप्रमाणे साडेतीन ते 9 इंचांमधली फट वाईट. चार बोटांहून जरा मोठी आणि वितीहून लहान, असं मी मनात धरलं. लहान मूल पायांकडून अशा फटीत सरकतं, अंग बाहेर जातं आणि डोकं अडकतं. त्याहून अरुंद फटीत अंगच शिरत नाही, आणि रुंद फटीतून डोकंही निघतं. आमच्या बागेतल्या उंच मनोऱ्याच्या कठड्याचा एक दांडा निखळला आहे आणि तिथे नेमकी तशी फट झाली आहे. दुरुस्त होईपर्यंत दोन-तीन वर्षांच्या मुलांना त्या मनोऱ्यावर सोडू नका.

तिसरी फेरी संध्याकाळी, सगळ्यांसह, मागच्या दाराने.

घसरगुंडी थंड होती. धाकटी एकटी बसायला तयार नव्हती, म्हणून मी तिला मांडीवर घेऊन घसरणार होते. शेजारी एक आजोबा नातवाला घेऊन तेच करत होते. अर्ध्या पायऱ्या चढल्यावर मला वाचलेलं आठवलं आणि मी उतरले. सुरक्षित वाटणारी ही गोष्ट उलटी आहे. एकटं मूल घसरताना बूट कडेला अडकला तर ते थांबतं, कारण त्याचं वजन ते किती! मांडीवर असेल तर पाय अडकतो आणि आपलं वजन खाली जातच राहतं. नडगीचं हाड मोडतं. बालरोगतज्ज्ञांना हा अपघात चांगला ओळखीचा आहे. त्याऐवजी मुलाला बाजूला उभं राहून धरा, किंवा घसरगुंडीच्या खालच्या हातभर भागावरून घसरवा. धाकटीला तेवढंही पुष्कळ झालं. तिने तो हातभर प्रवास चाळीसएक वेळा केला. आजोबांना सांगायचा मला धीर झाला नाही, हेही कबूल करते. त्यांचा नातू ठीक होता. आणखी एक, टोपीच्या नाड्या आणि गळ्यातल्या दोऱ्या काढूनच मुलांना वर पाठवा. वरच्या टोकाला अडकतात.

थोरल्याचं सगळं लक्ष लोखंडी पिंजऱ्याकडे, म्हणजे जंगल जिमकडे होतं. पाच मिनिटांत वर जाऊन आला आणि 'आता काय?' म्हणाला. इथे मला एक जुनी गोष्ट उपयोगी पडली. या पिंजऱ्याचं पेटंट शिकागोजवळ राहणाऱ्या सेबॅस्टियन हिंटन नावाच्या वकिलाला 1923 मध्ये मिळालं. कल्पनेचं मूळ त्याच्या वडिलांकडे. चार्ल्स हिंटन गणिती होते, लांबी-रुंदी-उंचीपलीकडची चौथी मिती लोकांना कशी समजावावी या ध्यासाने पछाडलेले. जपानमध्ये असताना त्यांनी मुलांसाठी बांबूंचा चौकटीचौकटींचा सांगाडा उभा केला. ते आकडे पुकारायचे आणि मुलांनी धावत त्या जागी पोहोचायचं. लांबी, रुंदी, उंची अंगातच मुरावी, हा हेतू. चौथी मिती मुलांना किती कळली कोण जाणे, पण चढायला मिळालं.

आम्ही तोच खेळ लावला. एका कोपऱ्याला शून्य म्हटलं. मी खालून ओरडायचे, 'उजवीकडे दोन, आत एक, वर तीन!' पहिल्यांदा तो भलतीकडे गेला. चौथ्या वेळी आणखी तीन मुलं सामील झाली, दहाव्या वेळी त्यांनी मला काढून टाकलं आणि स्वतःच पुकारायला लागली. त्या फेरीचा हा सगळ्यात चांगला अर्धा तास. करून बघा, पण मुलं पाचापेक्षा जास्त झाली की थांबवा, बोटांवर पाय पडतात.

झोपाळे दोनच आणि रांग मोठी. भांडण नेहमीचं: 'तो जाडा आहे, त्याचा झोका हळू जातो, म्हणून तो जास्त वेळ बसतो.' हे खरं नाही. एका हेलकाव्याला लागणारा वेळ साखळीच्या लांबीवर ठरतो, बसणाऱ्याच्या वजनावर नाही. दोन मीटरच्या साखळीला एक पूर्ण हेलकावा पावणेतीन-तीन सेकंदांचा. म्हणजे वीस हेलकावे झाले की साधारण एक मिनिट. घड्याळ नको, पंच नको, सगळ्या रांगेने मोठ्याने वीस मोजायचे आणि उतरायचं. थोरल्याने हे तिथे लागू केलं आणि मोठ्या मुलांनीही मानलं. मोजणं हाच खेळ झाला. चाळीस हवेत, असा ठराव एकाने मांडला, तो रांगेने हाणून पाडला.

झोपाळ्यासमोरून मात्र कुणी जाऊ नये, विशेषतः नुकतं चालायला लागलेलं मूल. वरचा आडवा दांडा 8 फुटांवर असेल तर पुढे 16 आणि मागे 16 फूट मोकळे हवेत, म्हणजे उंचीच्या दुप्पट. आमच्या बागेत मागे तेवढी जागा आहे, पुढे बाकडं आहे. त्यावर बसू नका.

सीसॉचं एक टोक मोडलं आहे. वाळूचा खड्डा झाकलेला नसल्यामुळे रात्री मांजरं येतात, तेव्हा आधी काडीने वरवर ढवळून बघा आणि नंतर हात धुवायला त्या एकुलत्या चालू नळाकडे जा.

आता आई. तिच्यासाठी ही वेगळीच बाग होती. बाकडी भरपूर आहेत, पण बहुतेक सिमेंटची, बुटकी, पाठ नसलेली. 'बसायला पाठ हवी आणि उठायला काहीतरी धरायला हवं, नाहीतर ते बाकडं नव्हे, सापळा आहे,' असं तिचं म्हणणं. पाठ आणि हात असलेली दोनच बाकडी सापडली, दोन्ही चालण्याच्या वाटेच्या पलीकडच्या वळणावर. गुडघे असलेल्यांनी थेट तिथे मुक्काम करावा. तिथून घसरगुंडी दिसते, पिंजरा दिसत नाही. म्हणून मुलांबरोबर दोन मोठी माणसं हवीत.

वाट फरसबंद आहे, एका ठिकाणी मुळांनी फरशी उचलली आहे. एक फेरी आईच्या 430 पावलांची. तिच्या मैत्रिणीने दहा हजारांचं वेड तिच्या डोक्यात घातलंय. हा आकडा मुळात 1965 साली जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून आला. 'मान्पो-केई' म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं यंत्र. नाव विकायला सोपं होतं. जागतिक आरोग्य संघटना पावलं सांगत नाही, वेळ सांगते. मोठ्यांनी आठवड्याला 150 ते 300 मिनिटं दमछाक न होता पण श्वास वाढेल असं चालावं, आणि पासष्टीपुढच्यांनी आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे आणि ताकदीचे व्यायाम करावेत. हे सांगितल्यावर आईने चार फेऱ्यांनंतर विजय जाहीर केला.

तोलाचं काम ओपन जिममध्ये झालं, पण यंत्रावर नाही. यंत्रं तशी बरी आहेत. बहुतेकांना वेगळं वजन नसतं, आपलंच वजन उचलायचं किंवा ढकलायचं. गुडघ्यांना मात्र ती झुलत्या पायांची यंत्रं मानवली नाहीत, चढता-उतरतानाच तोल जातो. तिने एका स्थिर खांबाला हात लावला आणि एका पायावर उभी राहिली. दहा आकडे, मग दुसरा पाय. शेजारच्या बाईंनी 'हे कुठलं मशीन?' म्हणून विचारलं. तेवढ्यात थोरला झुलत्या यंत्राच्या सांध्याजवळ बोटं नेत होता, त्याला ओढावं लागलं. ही खेळणी नाहीत हे फलकावर लिहिलंय, पण मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर लिहिलेलं नाही. म्हणून जिम शेवटी ठेवा, किंवा मुलं पिंजऱ्यात गुंतलेली असताना उरकून घ्या.

शिट्टी वाजली तेव्हा धाकटी बाबागाडीत झोपली होती आणि थोरला कुणालातरी 'वर चार, आत दोन' सांगत होता. मागच्या दाराशी एक लांब ओटा आहे. मुलांना त्यावर बसवून बूट तिथेच काढून झटका. आम्ही घाईत निघालो, आणि घरी पोहोचल्यावर दिवाणखान्यात जी वाळू सांडली तिचा थर, आईच्या म्हणण्याप्रमाणे, झोपाळ्याखालच्यापेक्षा जास्त होता.