मांजऱ्या, काळा आणि माझ्या वहीतला 'रेड बॉल'

आमचे आप्पा विहिरी पाडतात. दगड-माती वर ओढायची यारी, पहार, घण, सुरुंगाची भोकं घ्यायला ट्रॅक्टरचा काँप्रेसर आणि पाच-सहा गडी, एवढा त्यांचा पसारा. साताऱ्यातल्या दुष्काळी माण तालुक्यात या धंद्याला मरण नाही, कारण आधीच्या विहिरीला पाणी लागत नाही. मी बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला भूशास्त्र घेतलं म्हटल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "म्हंजे दगडंच की? मग फी कशाला भरायची?"

खरं सांगायचं तर मी ते हौसेनं घेतलं नव्हतं. प्राणिशास्त्राच्या जागा भरल्या होत्या.

पहिल्या प्रॅक्टिकलला टेबलावर वीस खनिजं मांडलेली. नखानं ओरखडा उठतो का, सुरीनं उठतो का, काचेवर उठतो का, ते बघायचं आणि मोह्ज या शास्त्रज्ञाच्या कठीणपणाच्या मापात १ ते १० मध्ये कुठे बसतं ते लिहायचं. गारगोटीला सुरी लागेना, ती ७. कॅल्साइट ३, शिवाय त्यावर पातळ आम्लाचा थेंब टाकला की फसफसतं. हे सगळं मला आधीच भेटलेलं होतं. आमच्या देवळीत आप्पांनी विहिरीतून आणलेले चमकणारे दगड पडलेले असायचे, आम्ही पोरं त्यांनी भातुकली खेळायचो. त्यातला एक गुलाबीसर, पेंढी बांधल्यासारखा दगड मी वर्गात नेला. सर म्हणाले, स्टिल्बाइट. झिओलाइट गटातलं खनिज. पुण्याजवळच्या वाघोलीच्या खाणींतली असली खनिजं जगभरच्या संग्रहालयांत आहेत म्हणे. घरी फोन करून सांगितलं, तर आईनं विचारलं, "मग इकलं तर काय येतील?"

भाषेची अडचण मात्र होती. दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावी-बारावी कशीबशी. सर एकदा घाटातल्या लाव्ह्याच्या थरांबद्दल बोलत होते आणि सारखं 'रेड बोल, रेड बोल' म्हणत होते. मी वहीत सरळ 'रेड बॉल' लिहिलं, आणि समजूत अशी करून घेतली की दोन थरांच्या मधे लाल गोळे सापडत असतील. दोन महिने ते तसंच होतं.

मग पाण्याचं प्रकरण आलं. सरांनी दोन नरसाळी घेतली, एकात वाळू, एकात चिकणमाती, आणि दोन्हींवर पाणी ओतलं. वाळूतून भसकन खाली आलं, मातीवर डबकं साचून राहिलं. आणि मग म्हणाले, पोकळी वाळूपेक्षा मातीत जास्त असते. म्हणजे जागा असणं वेगळं आणि वाट असणं वेगळं. सच्छिद्रता आणि पार्यता. बेसाल्टचंही, म्हणजे लाव्हा निवून झालेल्या आपल्या काळ्या दगडाचंही, तेच. लाव्हा निवताना वरच्या अंगाला वायूचे बुडबुडे अडकतात, खडक जाळीदार दिसतो. पण भोकं एकमेकांना जोडलेली नसतील तर पाणी जाणार कुठून?

मला लगेच आप्पांचा मांजऱ्या आठवला. त्यांच्या धंद्यात शब्द ठरलेले आहेत : वरची माती, मग मुरूम, मग मांजऱ्या (म्हणजे हाच जाळीदार दगड), मग काळा (म्हणजे बिनभोकांचा अखंड दगड). 'मांजऱ्या लागला, आता पाणी लागंल' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलेलं. मला वाटलं, आता आपण आप्पांची चूक दाखवून देणार. रात्री फोन केला. म्हटलं, "आप्पा, मांजऱ्यात भोकं असत्यात म्हणून पाणी असतं, असंच ना?"

"भोकात कशाचं पाणी? भोकात गारगोट्या भरलेल्या असत्यात. मांजऱ्या कुजलेला पायजे. कडक मांजऱ्या आन् काळा, दोघं सारखंच दळभद्री. काळ्याला चिरा तरी असत्यात."

परीक्षेत पाच मार्कांना आलेल्या प्रश्नाचं उत्तर ते होतं. ज्वालामुखी खडकातलं पाणी हे मुख्यतः झिजलेल्या पट्ट्यात आणि सांध्यांत, म्हणजे चिरांत, असतं. मी तेच लिहिलं, फक्त दळभद्री वगळून.

(पायाळू माणूस नारळ घेऊन रानात फिरतो आणि पाणी दाखवतो, त्याबद्दलही मी विचारलं होतं. आप्पा म्हणाले, "मालकाचं समाधान हुतं. आपुन वड्याच्या कडंला बघायचं.")

भूकंपाचा धडा आजीमुळे सोपा गेला. तिचं माहेर पाटणचं. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेला भूकंप झाला तेव्हा ती तिथं होती. ती सांगते, आधी खालून धक्का बसल्यासारखं झालं, 'कोन हाय' म्हणेपर्यंत घर डोलायला लागलं आणि उतरंड कोसळली. आधी येते ती पी लाट, मागून येते ती एस. दोन्हींमधला एकेक सेकंद म्हणजे भूकंपाच्या जागेपासून साधारण आठ किलोमीटर अंतर. पाटण कोयनानगरपासून सरळ रेषेत पंधरा-सोळा किलोमीटर, म्हणजे दोनेक सेकंद. 'कोन हाय' म्हणायला तेवढेच लागतात, मी घड्याळ लावून पाहिलं.

जानेवारीत सहल गेली. वाईहून पसरणी घाट, पाचगणी, महाबळेश्वर. घाटात बस थांबवून सरांनी आम्हाला कड्यासमोर उभं केलं. क्लिनोमीटर काढा, थरांचा उतार मोजा. मोजतोय काय, शून्य! दख्खनचे थर जवळजवळ आडवेच, एकावर एक रचलेल्या भाकरीसारखे. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, आज उरलाय तोच पाच लाख चौरस किलोमीटरवर. आणि दोन थरांच्या मधे ती विटकरी पट्टी. बोल म्हणजे एक प्रकारची माती, हे मला त्या कड्यासमोर कळलं. एक लाव्हा निवला, त्यावर ऊनपाऊस झालं, खडक कुजून माती झाली, आणि मग पुढचा लाव्हा येऊन त्याने ती भाजून काढली. मी गुपचूप वहीतला बॉल खोडला.

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. माणात पाचशे गाठताना मारामार. जिल्हा एकच. ढग सह्याद्री चढताना निवतात आणि तिथंच रिकामे होतात, हे भूगोलात शिकलेले. तरी वर उभं राहून पूर्वेकडे बघताना मला त्या डोंगराचा थोडा राग आलाच.

मे महिन्यात घरी गेले तेव्हा आप्पांचं काम शेजारच्या गावात चालू होतं. आठ परस, म्हणजे आठ पुरुष खोल, खाली गेले होते. मी हट्ट करून यारीतून खाली उतरले, टेप आणि वही घेऊन. माती चार फूट. मुरूम अकरा. मांजऱ्या कुजलेला, ओलसर. त्याखाली काळा, मग पुन्हा मांजऱ्या, आणि त्या दोघांच्या मधे फूटभर विटकरी पट्टी.

"ह्याला आधी दगडानं बांधून घ्यावं लागतं," आप्पा म्हणाले. "पाणी लागलं की तांबडा फुगतो आन् कडा ढासळतो. कशाचा असतोय हा?"

मी सांगितलं. ही एकेकाळची जमीन. हिच्यावर ऊन पडायचं, पाऊस पडायचा, त्यानं दगडाची माती झाली. मग वरून लाव्हा आला.

त्यांनी पट्टीवर पहारेचं टोक घासलं. लाल भुगा खाली पडला. वर गडी यारीचं इंजिन चालू करायची वाट बघत होता.

"म्हंजे," आप्पा म्हणाले, "तवा माणात पाऊस पडत हुता तर."