तारीख आणि सांकेतिक लिपी

दारू पिऊन गाडी चालवल्याच्या केसची आज तारीख होती. पुकारा होईपर्यंत बाकावर बसून व्हिजनेर सायफर सोडवत होतो, म्हणजे एका गुप्त शब्दाच्या (किल्लीच्या) आधाराने अक्षरं बदलून लिहिलेला मजकूर उलगडत होतो. ही पद्धत १५५३ मध्ये इटलीच्या बेलासोने मांडली, नाव मात्र व्हिजनेरचं झालं. फार अन्याय वाटतो मला हा! एकच अक्षर जागेप्रमाणे वेगवेगळं रूप घेतं, त्यामुळे नुसती अक्षरं मोजून भागत नाही. कासिस्की या प्रशियन लष्करी अधिकाऱ्याने १८६३ मध्ये वाट दाखवली: पुन्हा पुन्हा येणारे अक्षरगट शोधा, त्यांच्यातलं अंतर मोजा. माझ्या कागदावर अंतरं निघाली १५, २०, ३५. तिन्हींना ५ ने भाग जातो, म्हणजे किल्ली बहुधा ५ अक्षरांची! इतका आनंद झाला, आणि तेवढ्यात माझं नाव पुकारलं. पुढची तारीख मिळाली. लायसन्सचं काय होणार ही धाकधूक आहेच. किल्लीची ३ अक्षरं सुटलीत, उरलेली रात्री बघतो.