पहिला ओरखडा

रंगवून आलेली सायकलची फ्रेम दोन दिवस मी नुसती बघत होतो. भिंतीला टेकवली तीही मधे जुनी चादर घालून. रंग द्यायच्या आधी सगळं उतरवताना हात कसा सपासप चालला होता! आता साधा पाना उचलतानाही श्वास रोखला जात होता.

पहिलं अडलं ते ब्रेकच्या वायरचं आऊटर, म्हणजे वायर ज्यातून सरकते ते बाहेरचं आवरण. फ्रेमवरच्या ज्या खोबणीत त्याची टोपी बसते, तिथे रंगाचा थर साचलेला. टोपी आत जाईना. तशीच दडपून बसवावी, असं मनात आलंच. पण ब्रेक म्हणजे रस्सीखेच असते. आतली वायर जेवढी ओढते, तेवढंच आऊटर उलटं रेटतं, आणि ते रेटतं त्या खोबणीवर. तिथला रंग उडाला की टोपी सरकणार आणि ब्रेक ढिला पडणार. १८९६ साली बोडेन नावाच्या संशोधकानं या वायरचं पेटंट घेतलं. माझ्या रंगाची काळजी त्यानं कशाला करावी? चाकूनं खोबणी खरवडली. म्हणजे पहिला ओरखडा मीच काढला.

रंगाला शोभेल असं आऊटरही घरात होतं, पण गिअरचं. त्याच्या आतल्या तारा लांबीत सरळ असतात, जोरात ब्रेक दाबला तर ते फुटू शकतं. ब्रेकच्या आऊटरमध्ये तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. मुकाट्यानं ब्रेकचं काळं घेतलं. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून माप घेतलं, कापलं, चेपलेलं टोक कानशीनं घासून दाभणानं मोकळं केलं.

वायर ओवताना एक तार सुटली आणि कुसळासारखी बोटात शिरली. रक्ताचा थेंब फ्रेमवर पडला. रंग लालच, त्यामुळे दिसला नाही. (पुसला मात्र लगेच.)

नट आवळून ब्रेक दहा-बारा वेळा करकचून दाबला, तर पुन्हा ढिला! नवी वायर ताणली गेली असं आपण म्हणतो, पण बहुतेक वेळा आऊटर आणि टोप्याच जागेवर बसत असतात. पुन्हा ओढून आवळलं, वायरच्या टोकाला टोपण चेपलं.

शेवटी हँडल वळवलं, तर आऊटर पुढच्या नळीला घासतंय. तिथे पारदर्शक टेप लावली. तिच्याखाली एक बुडबुडा राहिलाय. सायकलकडे बघितलं की आता आधी तोच दिसतो.