शेजारची आंटी

आज म्हापशाला मिलाग्रीस सायबिणीच्या, म्हणजे मेरीमातेच्या, चर्चमध्ये शेजारच्या आंटीच्या महिन्याच्या मिसाला गेलो होतो; तिला जाऊन महिना झाला, त्याची ही प्रार्थना. अंकल बोटीवर असायचे, त्यामुळे मुलांना तिनं जवळजवळ एकटीनंच वाढवलं. पुढे अंकल अंथरुणाला खिळले, तेव्हा डाव्या हातात रोजरीचे मणी फिरत आणि उजव्या हातानं ती त्यांना पेज भरवायची. तिचा तेर्स, म्हणजे रोजरीची प्रार्थना, कधी चुकला नाही, त्यांची पेजही नाही. किती बळ होतं त्या बाईत!

सायबिणीच्या फेस्ताला, म्हणजे सणाला, माझ्या आईला हक्कानं सोबत न्यायची. सायबीण आणि शिरगावची लईराई देवी बहिणी मानतात, मग आपण कोण, म्हणायची. (आमच्या चवथीच्या नेवऱ्या म्हणजे करंज्या, तिचा नाताळचा दोदोल म्हणजे नारळ-गुळाची मिठाई, ही देवाणघेवाण कधी थांबली नाही.)

मिसानंतर तिची धाकटी म्हणाली, यंदा दोदोल मी ढवळणार. नारळ आमच्याकडून, आईनं लगेच सांगून टाकलं.