लाईनीचा बडग्या

दुसरीच्या वर्गात भांडण कधी होणार हे मी घड्याळ पाहून सांगू शकते. गणित चालू असताना सहसा होत नाही. गोष्ट रंगात आली असेल तर नाहीच. होतं ते एक काम संपून दुसरं सुरू व्हायच्या मधल्या फटीत. वह्या गोळा करताना, परिपाठाहून वर्गात येताना, हात धुवायच्या नळावर, आणि सगळ्यात जास्त खिचडीच्या रांगेत. चौतीस पोट्टे आणि मी एकटी. शिक्षण हक्क कायदा प्राथमिकला तीस मुलांमागे एक शिक्षक म्हणतो, पण तो हिशेब अख्ख्या शाळेचा लागतो. वर्गात येतात ती मात्र चौतीसच्या चौतीस.

आमची शाळा नागपुरात, इतवारीपासून फार लांब नाही. विदर्भात उन्हामुळे शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडते, त्यामुळे पोळा येतो तेव्हा वर्ग बसून जेमतेम दोन महिने झालेले असतात. मुलांची नावं पाठ झालेली असतात, सवयी अजून व्हायच्या असतात. त्या दोन महिन्यांत माझ्या नोंदवहीत एका मुलाचं नाव पुन्हा पुन्हा आलं. त्याला इथे बंटी म्हणते. वर्गात सगळ्यात ठेंगणा, डोळे चुणचुणीत, पाढे तोंडपाठ, आणि हात चालवण्यात पटाईत. "मॅडम, बंटी मारून राहिला" हे वाक्य मी झोपेतही ऐकलं असेल.

नोंदवहीला तीन रकाने आहेत. काय घडलं, त्याच्या जरा आधी काय चाललं होतं, आणि नंतर कोणी काय केलं. ही काही माझी युक्ती नव्हे. वर्तनाच्या नोंदी अशाच ठेवतात. पण बहुतेक वेळा आपण पहिलाच रकाना भरतो, कारण तक्रार घेऊन आलेलं मूल तेवढंच सांगतं आणि संध्याकाळी पालकही तेवढंच विचारतात. मधला रकाना भरायचा तर आपलं लक्ष आधीपासून तिकडे असावं लागतं, आणि ते चौतीस मुलांत कुठून असणार? तरी जमेल तसं लिहीत गेले. बंटीच्या मधल्या रकान्यात जवळपास दर वेळी एकच शब्द होता, रांग.

मी त्याचा अर्थ भूक असा लावला होता. सकाळी चहा-खारीवर आलेलं मूल खिचडीचा वास आला की चिडचिडं होणारच. पाचवीपर्यंतच्या मुलांना शाळेच्या जेवणात शंभर ग्रॅम धान्य मिळायला हवं असा नियम आहे. हा मुलगा त्यातला कणही ताटात ठेवत नाही. म्हणून मधल्या वेळेआधीच त्याच्या हातात काहीतरी देऊन पाहिलं. भूक भागली, हात चालायचे ते चाललेच. स्टाफरूममध्ये त्याचं निदान कधीच झालं होतं, "घरचं वातावरण". आमच्याकडे हे औषध सगळ्या दुखण्यांवर चालतं.

मारायला, कान धरून उभं करायला कायद्यानं बंदी आहे, ते बरंच आहे. पण त्याच्या जागी "हाताची घडी, तोंडावर बोट" एवढंच हातात उरलं की शिक्षक रिकामा होतो. चांदण्यांचा तक्ता मी पूर्वी लावत असे. त्यात तीच पाच मुलं महिनाभर चमकतात आणि बाकीची पाहत बसतात. हल्ली टेबलावर कंच्यांची, म्हणजे काचेच्या गोट्यांची, बरणी असते. वर्गानं मिळून एखादी गोष्ट नीट केली की एक कंचा आत. बरणी भरली की खेळ मुलांनी निवडायचा. आत पडलेला कंचा मी काढत नाही, कोणी कितीही धिंगाणा केला तरी.

आता त्या शनिवारावर येते. २०२४ पासून राज्यात पहिली ते आठवीला आनंददायी शनिवार आला. दप्तर नाही, हातानं-अंगानं करायच्या गोष्टी. खरं तर आठवडाभर मी वार वाटूनच घेतलेले असतात. सोमवारी गोलात बसून गप्पा, बुधवारी माती. मुलांना उद्या काय हे ठाऊक असलं की निम्मी गडबड तिथेच कमी होते. शनिवारचं मात्र दर आठवड्याला नवं शोधावं लागतं. पोळ्याच्या आधीच्या शनिवारी शोधायची गरजच पडली नाही. तान्हा पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, आमच्या भागातून मारबतीची मिरवणूक जाते. मारबत म्हणजे बाईचा मोठा पुतळा, रोगराई-पीडा सोबत घेऊन जा असं तिला ओरडून सांगतात. काळी मारबत १८८१ पासून आणि पिवळी १८८५ पासून निघते असं सांगतात. त्यांच्यामागे बडगे. महागाईचा बडग्या, भ्रष्टाचाराचा बडग्या, ज्याचा राग येईल त्याचा पुतळा. पोरं मिरवणूक पाहूनच मोठी होतात. म्हटलं, आपण वर्गात बडगे करू.

मोठ्या मॅडमनी भुवया उंचावल्या. त्यांची शंका रास्त होती. सात वर्षांच्या मुलाला राग काढायला सांगितला तर ते शेजारच्या बाकावरच्याचं नाव घेणार. म्हणून एकच नियम केला आणि तो मुलांकडून तीनदा म्हणून घेतला: बडग्या माणसाचा नाही, गोष्टीचा. रद्दी पेपर, खराट्याच्या काड्या, दोरा, आणि खिचडीवाल्या मावशींनी शिजवून दिलेली मैद्याची खळ. दोन-दोन मुलांत एक बडग्या, कोणाला एकट्यानं करायचा असेल तर तसा.

पहिला अर्धा तास खळ केसांना लागू न देण्यात गेला. मग हळूहळू बडगे उभे राहिले. डासांचे सर्वांत जास्त, पावसाळ्यात डेंग्यूनं प्रत्येक गल्लीत कोणी ना कोणी आजारी असतंच. कारल्याचा एक. रात्री जाणाऱ्या लाईटचा एक. "मोबाईलचं नेट संपते त्याचा" असं म्हणत दोघांनी एक चौकोनी डोकं केलं. एका मुलीनं पेपराची सुरळी करून तिला गळा काढला आणि बाटली केली. तिनं काही सांगितलं नाही, मीही सगळ्यांदेखत विचारलं नाही. तिच्या आईशी नंतर बोलले, तो विषय वेगळा आहे.

बंटी एकटाच बसला होता. त्यानं पुतळा केलाच नव्हता. पेपराच्या पट्ट्या फाडून त्या एकामागे एक दोऱ्याला चिकटवल्या होत्या, लांबच लांब, एखाद्या तोरणासारख्या. मी म्हटलं, हे काय रे?

"लाईन हाय."

"कशाची लाईन?"

"खिचडीची."

"लाईनीचा बडग्या? काऊन रे?"

"मी पहिले राहतो न मॅडम. सारे मागून ढकलतेत. मंग माझं डोकं दाराले लागते."

मी त्याचे केस बाजूला केले. कपाळाच्या वर, भांगाजवळ, एक जुना खपलीचा डाग होता आणि त्याच्या शेजारी एक ताजा टेंगूळ.

प्रत्येक बडग्यानं व्हरांड्यातून एक फेरी काढली. "डास घेऊन जा गे मारबत", "कारलं घेऊन जा गे मारबत", आणि मग बंटीचा बारीक आवाज, "लाईनीले घेऊन जा गे मारबत". त्यावर सगळा वर्ग हसला आणि लगेच ओरडलाही, म्हणजे लाईन कोणालाच आवडत नव्हती. खरे बडगे शेवटी जाळतात. आम्ही मैदानाच्या कोपऱ्यात जाऊन फाडले. चौतीस मुलांना कागद फाडायची मुभा देऊन पाहा, त्या दहा मिनिटांत एकही तक्रार येत नाही.

त्याच दिवशी खिचडीच्या वेळी मी रांगेच्या शेवटी उभी राहिले नाही. रोज तिथे असते, कारण दांडगी मुलं तिथे असतात. त्या दिवशी पुढे गेले आणि दाराशी, बंटीच्या शेजारी, गुडघ्यांवर बसले. तिथून रांग वेगळीच दिसते. रांग उंचीप्रमाणे, म्हणजे ठेंगणा पुढे. दाराबाहेर मावशींचं पातेलं यायला वेळ लागतो. मागच्या उंच मुलांना ते दिसत नाही, म्हणून ती वाकून पाहतात, पुढच्याच्या खांद्यावर भार देतात. धक्का कोणी मुद्दाम मारत नाही. तो शेवटाकडून निघतो, प्रत्येक जण थोडा थोडा पुढे देतो, आणि सगळ्यांचा मिळून शेवटी पहिल्याला बसतो. पुढे लोखंडी दार. बंटी वळतो आणि हाताला लागेल त्याला ठोसा देतो. त्याच्या मागे एक शांत मुलगी असते, तिलाही मागूनच धक्का बसलेला असतो. वहीत तक्रार करणाऱ्यांत तिचं नाव सर्वांत जास्त का, हेही तिथेच कळलं. तिची आई दोनदा शाळेत येऊन भांडून गेली होती.

पोळ्याची सुट्टी संपल्यावर मी उंचीची रांग बंद केली. वर्गाचे सहा गट केले, रंगांच्या नावांचे. एका वेळी एकच गट उठतो, बाकीचे जागेवर बसून पाढे म्हणतात. पाढा संपला की पुढचा गट. व्हरांड्यात फरशीवर पावलांचे ठसे रंगवले, भिंत रंगवून उरलेल्या ऑइलपेंटचे, एका हाताच्या अंतरावर. ज्याचा पाय ठशावर तोच रांगेत. पुढे कोण हे दर सोमवारी बदलतं. वाट पाहायची वेळ कमी झाली आणि पातेलं सगळ्यांना दिसायला लागलं, यापेक्षा त्यात जादू काही नाही. सुरुवातीचे दिवस वाईट गेले. पोरं ठशांवर लंगडी खेळायची, हिरवा गट निळ्याच्या पाढ्यात आपला पाढा घुसवायचा. पण त्या घोळात मारामारी नव्हती. कंच्यांची बरणी दसऱ्याच्या आत भरली. खेळ मुलांनी विषामृत निवडला.

बंटीचं सगळं सुटलं असं नाही. सोमवारी तो अजून कोणाच्या तरी अंगावर जातो, आणि सोमवारच्या मधल्या रकान्यात रांग नाही. कधी "काही नाही" असंच लिहिलेलं आहे. तिथे रविवारी घरी काय होतं ते पाहावं लागेल, म्हणजे "घरचं वातावरण" वाल्यांचंही थोडं ऐकावं लागेल. रांगेतल्या नोंदी मात्र जवळपास थांबल्या. त्या मुलीची आई परवा फाटकाशी भेटली. भांडायला नव्हती आली, तिला फक्त विचारायचं होतं की तिच्या पोरीला निळ्या गटातून लाल गटात घालता येईल का, तिथे तिची मैत्रीण आहे.

मोठ्या मॅडमनी ठसे पाहिले आणि रंग कोणाच्या परवानगीनं काढला एवढं विचारलं. आता पहिलीच्या बाई त्यांच्या दारापाशी तसेच ठसे काढणार आहेत. तिसरीच्या बाईंना हे पटलेलं नाही. उंचीच्या रांगेत मुलं मोजायला सोपी जातात असं त्यांचं म्हणणं आहे, आणि त्यात तथ्य आहे. जूनमध्ये बंटी त्यांच्या वर्गात जाईल. त्याची नोंदवहीतली पानं मी झेरॉक्स करून त्यांना देणार आहे, मधल्या रकान्याखाली लाल पेनानं रेघ मारून.